शाकेनचा दिवस

पहाटे ५:३०

आज रजा टाकली आहे, पण कामाचा दिवस आहे. गाडीची शाकेन. जपानमध्ये नव्या खाजगी गाडीची पहिली सरकारी तपासणी तीन वर्षांनी होते आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी. बहुतेक लोक ती गॅरेजकडे सोपवतात. मी गाडी स्वतः घेऊन जाते. त्यात पैसे वाचतात, पण खरं कारण दुसरं आहे. आपण गाडीत काय काय बदललं आणि ते नीट बदललं का, हे या तपासणीइतक्या बारकाईने पाहणारा दुसरा कोणी नाही.

गाडी १९९७ सालची सुबारू लेगसी टूरिंग वॅगन, जीटी-बी, पाच गिअरची मॅन्युअल. योकोहामात मिदोरी वॉर्डातल्या किरिगाओकाला आमचं घर आहे. या भागात भारतीय कुटुंबं बरीच, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांकडे सरकत्या दारांच्या नव्या गाड्या. आमच्या पार्किंगमध्ये ही एकच लांबट, बसकी, मागे काचच काच असलेली.

डिकी रिकामी करते. लेकीची सायकल, पिकनिकची चटई, छत्र्या. तळाशी मी सुगीच्या, म्हणजे जपानी देवदाराच्या, लाकडाची दोन भागांतली फळी बसवली आहे, खाली कप्पे आहेत. तिच्यासाठी गाडीत एकही स्क्रू मारलेला नाही, उचलली की निघते. शेवटी बघते ती लाल फ्लेअर. पायाशी ठेवायची ती आपत्कालीन मशाल चार वर्षांत बाद होते आणि तपासणीत विचारली जाऊ शकते.

सकाळी ६:४५

लेक डबा घेऊन उभी. "आई, आज गाडी पास होणार ना?" होणार, असं सांगते. या गाडीतून ती शाळेत जात नाही, शाळा चालत दहा मिनिटांवर आहे. पण गाडीच्या परीक्षेची काळजी तिला स्वतःच्या परीक्षेपेक्षा जास्त.

सकाळी ७:३०

पहिला थांबा आमच्या मेकॅनिककाकांचं गॅरेज. आठवड्यापूर्वी गाडी इथेच लिफ्टवर होती, आज फक्त खालून वाफेने धुऊन घ्यायची आहे. जुन्या सुबारूला हे करावंच लागतं. आडव्या इंजिनात सिलिंडर दोन्ही बाजूंना पसरलेले, त्यामुळे टॅपेट कव्हरची पॅकिंग म्हातारी झाली की तेल झिरपतं ते थेट गरम एक्झॉस्टवर. सिग्नलला थांबल्यावर जळका वास आला तर समजायचं. आमच्या गाडीची दोन्ही पॅकिंग टायमिंग बेल्टसोबतच बदलली. बेल्ट एक लाख किलोमीटरवर बदलायचा असतो आणि त्यात चालढकल चालत नाही. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन संपतं.

काकांशी बोलताना गाडीचा इतिहास निघतोच. जपानमध्ये वॅगन म्हणजे पूर्वी दुकानदाराची मालवाहू गाडी. नंबरप्लेटचा वर्ग चारपासून सुरू होणारा, मागची सीट नावापुरती, घरच्या माणसांना तीत बसवणं कमीपणाचं. १९८९ साली लेगसी आली आणि हे चित्र पालटलं. त्या वर्षाच्या सुरुवातीला ॲरिझोनातल्या चाचणी ट्रॅकवर लेगसी सेडानने ताशी सरासरी २२३.३४५ किलोमीटर वेगाने एक लाख किलोमीटर कापून विक्रम केला होता. त्याच वर्षी टर्बो इंजिन वॅगनला मिळालं, आणि स्की घेऊन डोंगरात जाणारी तरुण कुटुंबं वॅगनसाठी रांगेत उभी राहिली. बाकीच्या कंपन्यांना मागून यावं लागलं. १९९६ साली निसानने स्टेजिया आणली, मित्सुबिशीने लेग्नम. त्याच वर्षी सुबारूने जीटी-बी काढली. यातला 'बी' बिल्स्टीनचा, त्या जर्मन शॉकअपचा. दोन लिटरचं इंजिन, दोन टर्बो, २८० पीएस. जपानी कंपन्यांनी आपसात ठरवून घेतलेली कमाल मर्यादा तेव्हा तेवढीच होती.

हे दोन टर्बो एकदम चालत नाहीत. आधी एक, मग वेग वाढल्यावर दुसरा. मधल्या क्षणी ताकद किंचित ओसरते, तिला इथले लोक दरी म्हणतात. अनेकांनी तो प्रकार काढून एकच मोठा टर्बो लावला. मी लावणार नाही. ती दरी या गाडीची आहे. चढावर ती येण्याआधी गिअर कुठे टाकायचा, हे कळलं की गाडी आपली होते.

सकाळी ९:१०

त्सुझुकी वॉर्डात इकेबे-चो इथे परिवहन खात्याचं केंद्र आहे. त्याच्या आधी रस्त्यालगत टेस्टरवाल्यांची दुकानं लागतात. थोडे पैसे देऊन हेडलाइटची दिशा आणि पुढच्या चाकांचं सरळपण तपासून मिळतं. जुन्या गाड्या इथेच अडतात, हेडलाइटवर. माझी गाडी सप्टेंबर १९९८ च्या आधीची, म्हणून तिचा हाय बीम मोजतात. नंतरच्या गाड्यांचा लो बीम. दुकानातल्या मुलाने स्क्रू अर्धा फेरा फिरवला आणि प्रकाश जागेवर आला.

फॉग लॅम्प मी पिवळे केले आहेत. कायद्यात फॉग लॅम्प पांढरा किंवा पिवळा चालतो, दोन्ही एकाच रंगाचे हवेत. नागानोच्या घाटात धुकं उतरतं तेव्हा त्यांचा उपयोग आहे, आणि खरं सांगायचं तर त्या करड्या बंपरमध्ये ते देखणे दिसतात. देखणेपणा हेही कारण पुरेसं असतं.

सकाळी १०:३०

खिडकीवर कागद. वजनकर भरला: १८ वर्षांवरच्या, दीड टनापर्यंतच्या गाडीला दोन वर्षांचे ३७,८०० येन. शिवाय दर मे महिन्यात वाहनकर येतो. दोन लिटरच्या जुन्या गाडीला तो ३९,५०० येन असतो. पेट्रोल गाडी १३ वर्षं ओलांडते तेव्हा तोच ४५,४०० होतो. हा वाढीव कर मला मान्य नाही. एक गाडी तीस वर्षं नीट राखली तर मधल्या काळात दोन-तीन गाड्यांचं पोलाद, काच, रबर वाचतं. त्याचा हिशोब कुठेच धरलेला नाही. राखणाऱ्याला दंड आणि मोडीत काढणाऱ्याला सवलत, हे उलटं आहे.

सकाळी १०:५५

लेन. पुढे एक ट्रक, मागे कुणाची तरी कोरी मिनीव्हॅन. मी चाकांच्या नटांवरची झाकणं आधीच काढून ठेवली आहेत.

आधी माणसाची नजर. दिवे, इंडिकेटर, ब्रेक लाइट, हॉर्न, वायपर, काच धुण्याचं पाणी. मग तो हातोडीने चाकाचे नट ठोकत जातो. आवाजावरून त्याला ढिला नट कळतो. चाकांपाशी तो जरा रेंगाळला. मूळ चाकं १७ इंची, सात इंच रुंद, ऑफसेट ५५. मी बसवलेली त्याच मापाची, फक्त ऑफसेट ५०. म्हणजे चाक पाच मिलिमीटर बाहेर आलं. दुकानदाराने साडेसात इंची, ऑफसेट ४८ ची सुचवली होती. हिशोब मांडला तर बाहेरची कड तेरा मिलिमीटर सरकते. फोटोत ती झकास दिसतात, पण गाडीत चार माणसं आणि मागे सामान बसलं की टायर फेंडरला घासण्याची भीती. वॅगनचं माप रिकामी असताना घ्यायचंच नाही, भरलेली असताना घ्यायचं.

उंचीचंही तेच. कायद्याने गाडीच्या पोटाखाली किमान नऊ सेंटिमीटर जागा हवी. काहीजण त्या नऊवर आणून ठेवतात. मी बिल्स्टीन शॉकअप उघडून दुरुस्त करून घेतले, स्प्रिंग मूळच्याच ठेवल्या. इंजिनिअरांनी ही गाडी सामान घेऊन वेगाने सरळ धावावी म्हणून बसवली होती. तिला जमिनीला टेकवलं की ते सगळं काम वाया जातं.

मग यंत्रं. चारही चाकं ओढणाऱ्या गाडीसाठी रोलरची सोय वेगळी असते, ती आधी सांगावी लागते. साइडस्लिप: एक मीटर पुढे जाताना चाक पाच मिलिमीटरच्या आत सरकायला हवं. स्पीडोमीटर: काटा चाळीसवर आला की इशारा द्यायचा. ब्रेक: पाटीवर लिहून येईल तसं दाबायचं, सोडायचं. हेडलाइट. धूर: नळी एक्झॉस्टमध्ये घालायची. माझ्या सालच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन १,२०० पीपीएमपर्यंत माफ आहे, नव्या गाड्यांना १ टक्का आणि ३००. आमचा आकडा नव्यांच्या मर्यादेत बसला. सायलेन्सर मूळचा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मूळचा. मला याचा फार अभिमान वाटतो.

शेवटी पिट. गाडी हलवून खालून पाहतात. ब्रेकच्या रबरी नळ्यांऐवजी मी स्टीलच्या जाळीच्या टाकल्या आहेत. त्या जागोजागी क्लॅम्पने धरलेल्या नसतील तर नापास. काकांनी मूळच्या पट्ट्यांतच त्या बसवल्या होत्या. वरच्या फलकावर गोल उमटला. पास.

दुपारी १२:३०

पुण्यात सकाळचे नऊ. बाबांना फोन केला. ते टेल्कोत होते. १९९२ साली टाटा इस्टेट बाजारात आली तेव्हा घरी आठवडाभर तोच विषय. टेल्कोलाइन पिकअपच्या सांगाड्यावर बांधलेली ती भारतातली वॅगन. आपल्याकडे ती फार लोकांना पटली नाही. "अगं, पाठीमागचा लोखंडाचा भाग बघ, पावसाळ्यात तिथूनच सडायला लागते," बाबांनी सांगितलं. लेगसीचंही अगदी तिथेच. बर्फाच्या प्रदेशात रस्त्यावर मीठ टाकतात आणि मागच्या फेंडरची कड आतून खाल्ली जाते.

दुपारी ३:००

पास झालेल्या गाडीला लगेच काम. गणपती तोंडावर आलेत आणि मखराच्या फळ्या टोकियोत निशी-कासाईला एका काकूंकडे आहेत. वानगान महामार्ग पकडला. दाइकोकू, त्सुरुमीचा पूल, कावासाकीच्या रिफायनऱ्या, हानेदाजवळचे बोगदे, डावीकडे-उजवीकडे क्रेन. ताशी ८० ला पाचव्या गिअरमध्ये इंजिन हळू गुणगुणतं. टर्बोला इथे काही काम नाही, आणि तरीही गाडी चालवायला गोड लागते.

काकूंनी फळ्या काढून ठेवल्या होत्या. मागची सीट पाडली, पाच फुटी फळ्या आडव्या सरकवल्या, वर समया, थर्माकोल नको म्हणून आणलेले पुठ्ठ्याचे खांब, पाटांचे दोन गठ्ठे. सगळं बसलं. काकू म्हणाल्या, "टेम्पो सांगायला नको होता तर."

रात्री ९:००

काचेवर नवा स्टिकर लावला. २०२३ पासून तो ड्रायव्हरच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात लावायचा नियम आहे. वहीत आजचे आकडे लिहिले.

जुनी लेगसी, स्टेजिया किंवा कुठलीही जुनी वॅगन घेणार असाल, तर मागच्या चाकाच्या कडेला आतून बोट फिरवा, टायमिंग बेल्टची पावती मागा आणि इंजिन गरम झाल्यावर बॉनेट उघडून वास घ्या. बदल करा, हौसेने करा, पण असे करा की एका रविवारात गाडी मूळ रूपात आणता येईल. आणि काढलेला मूळ भाग, अगदी प्लास्टिकची क्लिपसुद्धा, फेकू नका. यातले अनेक भाग कंपनीने बनवणं बंद केलं आहे, आणि तुमच्या कपाटातल्या खोक्यात पडलेली वस्तू कुणाची तरी गाडी रस्त्यावर ठेवू शकते.