खांद्याची दोरी

आपल्या खांद्याला चार स्नायू धरून असतात. त्यांची टोके दोरीसारखी हाडाला जोडलेली असतात. त्यांना कंडरा म्हणतात. जुने दावे झिजते ना, तशा उतारवयात कंडराही झिजतात. कधी पडल्याने एकदम तुटतात.

मग हात वर उचलत नाही. रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. म्हातारपणच ते, म्हणून आपण गप्प बसतो. हे बरे नव्हे. झिजेचे दुखणे पुष्कळदा व्यायामाने कमी होते. पण पडल्यावर हात उचलेनासा झाला, तर लवकर डॉक्टरांकडे जावे. उशीर झाला तर स्नायू आखडतो. मग टाका धरणे कठीण.

शस्त्रक्रियेत कंडरा पुन्हा हाडाला शिवतात. नंतर सुमारे ६ आठवडे हात झोळीत ठेवावा लागतो. जड ओझे काही महिने नाही. घाई केली तर शिवण उसवते. धीर धरला तर हात पुन्हा कामाला येतो.