निजलेली चिप व तिच्या पिना

रात्रीं मोटार लावून, किल्ली खिशांत टाकून आपण निजावयास जातों, तेव्हां मोटारही निजली असें समजतों. परंतु तिच्या पोटांतील लहान लहान संगणक ज्या दोन तारांवरून एकमेकांशीं बोलतात, तेथें एक पहारेकरी अर्धा डोळा उघडा ठेवून बसलेला असतो. त्याचें नांव ट्रान्सीव्हर चिप. बॉश कंपनीनें १९८६ सालीं जाहीर केलेल्या कॅन या संदेशपद्धतींतील हा द्वारपाल होय.

टीजेए १०४३ ही चौदा पिनांची चिप घेऊं. तिला वीज तीन वाटांनीं मिळते: थेट बॅटरीची, ५ व्होल्टांची, आणि मायक्रोकंट्रोलरशीं बोलणाऱ्या पिनांसाठीं वेगळी. गाढ निद्रेंत बहुधा पहिलीच वाट उरते.

मग पिनांचें काय होतें? पिन बंद म्हणजे शून्य व्होल्ट, असें धरून पुष्कळ जण फसतात. दार उघडून धरतां येतें, कडी घालून लावतां येतें, आणि नुसतें सोडूनही देतां येतें. सोडलेलें दार वारा नेईल तिकडे जातें. पिनेच्याही दशा तीनच.

आय-एन-एच ही पिन जागेपणीं बॅटरीइतकी उंच असते व १२ व्होल्टांचे ५ व्होल्ट करणाऱ्या नियामकाला चालू ठेवते. निद्रेंत ती खालीं ओढली जात नाहीं, नुसती सोडली जाते. तिला ऋण बाजूकडे खेंचणारा रोध कोठेंच नसेल, तर नियामक बंद होईलच असें नाहीं. मग मागें १०० मिलिअँपिअर वाहत राहिले, तर ६० अँपिअर-तासांची बॅटरी २५ दिवसांत रिकामी. एंजिन फिरविण्याचा जोर त्याच्या बराच आधीं सरतो.

आर-एक्स-डी पिनेची गंमत निराळी. जागेपणीं ती तारांवरचा संदेश सांगते. अर्धनिद्रेंत मात्र तिचें खालीं येणें म्हणजे "कोणीं तरी उठविलें" एवढाच निरोप. तिच्या वाटेची वीज गेली असेल तर तिच्या मौनाचा अर्थच लावूं नये. उलट चिपला वीज आणि मायक्रोकंट्रोलरला नाहीं, असें झालें, तर उंच पिनेंतून त्याच्या संरक्षक डायोडांवाटे वीज आंत झिरपते व तो धड झोंपतही नाहीं, धड जागतही नाहीं. यास्तव ती तिसरी वाट आणि मायक्रोकंट्रोलर एकाच नियामकावर ठेवावीं.

सोडलेली पिन तपासतांना आणखी एक फसगत होते. मीटर लावला कीं त्याचाच रोध तिला खालीं ओढूं शकतो. सारें ठीक दिसतें, आणि मीटर काढतांच दोष परत येतो.