गोल्फही मेक्सिकोला, व्हर्टसही मेक्सिकोला : मालाची वाट कोण ठरवतं?

आजचा विषय अर्थशास्त्राचा आहे, पण रेडिओ बंद करू नका. उदाहरणं सगळी आपल्याच कालव्याच्या काठावरची आणि पुण्याजवळच्या चाकणची आहेत.

२० डिसेंबर २०२४ ला फोक्सवॅगन आणि कामगार प्रतिनिधींमध्ये करार झाला. २०३० पर्यंत जर्मनीतल्या ३५ हजारांहून अधिक नोकऱ्या कमी होणार, मात्र सक्तीने कुणाला काढणार नाहीत. वोल्फ्सबुर्गच्या चार असेंब्ली लाइनींच्या दोन होणार आणि गोल्फचं उत्पादन २०२७ पासून मेक्सिकोतल्या पुएब्लाला जाणार, असं ठरलं. तेव्हापासून आपल्याकडे दोन मराठी कुटुंबं एकत्र जेवायला बसली की चहा येईपर्यंत विषय तिथेच पोचतो. आपल्यातले कितीतरी जण या कंपनीत नाहीतर तिच्या पुरवठादारांकडे काम करतात. मुलं इथल्या शाळेत आहेत, काहींची घराची कर्जं इथे आहेत.

गंमत अशी, की चाकणला बनलेली व्हर्टसही मुंबई बंदरातून जहाजात चढते आणि मेक्सिकोलाच जाते. मग गाडी कुठे बनवायची आणि कुठे विकायची, हे ठरतं कसं? तीन गोष्टी पाहू : वाट, पेटी आणि जकात.

पहिली गोष्ट : वाट

आपलं गाव इथे का आहे? १ जुलै १९३८ ला नाझी राजवटीने गाडीच्या कारखान्यासाठी हे गाव वसवलं. जागा निवडताना मालाची वाट पाहिली होती. मिटेललांड कालवा त्याच वर्षी पूर्ण होत होता, हॅनोव्हर-बर्लिन लोहमार्ग शेजारून जात होता आणि आउटोबान जवळ होता. कालव्याकाठी फिरायला जाता तेव्हा पलीकडे चार धुरांडी दिसतात ना? तिथल्या वीजकेंद्राचा कोळसा याच पाण्यातून आला. हिशेब सोपा आहे. रस्त्यावरचा ट्रक साधारण २५ टन माल नेतो. कालव्यातलं दीड हजार टनांचं एक जहाज म्हणजे साठ ट्रक, आणि ते चालवायला माणसं लागतात दोन-चार.

युद्धकाळात या कारखान्यात सुमारे २० हजार लोकांकडून सक्तीने काम करून घेतलं गेलं, हेही या गावाच्या हिशेबात धरावं लागतं. युद्धानंतर कारखाना ब्रिटिशांच्या ताब्यात आला आणि मेजर इव्हान हर्स्ट यांनी तो पुन्हा उभा केला. ऑक्टोबर १९४७ मध्ये पाच बीटल गाड्या नेदरलँड्सला गेल्या. निर्यातीची सुरुवात ती. १९५५ च्या ऑगस्टमध्ये दहा लाखावी बीटल बाहेर पडली.

गाड्या बाहेर जाऊ लागल्या तशी माणसं आत येऊ लागली. १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली आणि पूर्वेकडून येणारे कामगार थांबले. १९६२ पासून इटलीहून कामगार आले. आज आपण ब्लू कार्ड घेऊन येतो. म्हणजे बाहेरून माणसं आणून चालणारं हे गाव आपल्यामुळे तसं झालेलं नाही. त्या वाटेवरचे आपण नवे प्रवासी.

दुसरी गोष्ट : पेटी

२६ एप्रिल १९५६ ला माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकमालकाने 'आयडियल एक्स' जहाजावर ५८ पेट्या चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. तोवर बंदरात माल म्हणजे गोणी, पिंपं आणि खोकी, एकेक करून हमालांनी चढवायची. त्या पद्धतीत टनाला ५ डॉलर ८६ सेंट खर्च यायचा, पेटीने तो १६ सेंटांच्या आसपास आला, असा हिशेब नेहमी दिला जातो. पेटी ट्रकवरून रेल्वेवर, रेल्वेवरून जहाजावर जाते आणि मधे कुठेही उघडत नाही. जागतिकीकरणावर भाषणं पुष्कळ झाली, पण ते प्रत्यक्षात आणलं या पेटीने.

आपल्या महाराष्ट्रात ही पेटी मुख्यतः न्हावा-शेव्याला उतरते. जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं. आज तिथे वर्षाला २० फुटी मापाने ७० लाखांहून अधिक कंटेनर हाताळले जातात. या भरभराटीची दुसरी बाजूही सांगायला हवी. नवी मुंबई आणि बंदर परिसरासाठी उरण-पनवेलकडच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोबदल्यासाठी आंदोलन झालं, गोळीबार झाला आणि पाच जणांचा जीव गेला. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. आता पालघर जिल्ह्यात ७६ हजार २२० कोटी रुपयांचं वाढवण बंदर होत आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला त्याची पायाभरणी झाली. तिथल्या मच्छीमारांचा विरोध त्याच जुन्या प्रश्नातून येतो : देशाचा माल स्वस्तात जावा यासाठी किंमत कुणी मोजायची?

पण बंदर झालं म्हणजे काम संपत नाही. चाकणहून निघालेला ट्रक आधी चाकणच्या कोंडीत अडकतो, मग तळेगाव, मग खंडाळ्याचा घाट, मग बंदराबाहेरची रांग. उभ्या ट्रकचं डिझेल, चालकाचा पगार, भांडवलावरचं व्याज, सगळं मालाच्या किमतीत चढतं. वाहतूक खर्च हा असा कर आहे, की जो सगळे भरतात आणि सरकारच्या तिजोरीत मात्र एक पैसा जमा होत नाही. भारतात हा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १३-१४ टक्के आहे, असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. एनसीएईआर या संस्थेने नीट मोजलं तेव्हा २०२१-२२ साठी तो ७.८ ते ८.९ टक्के निघाला. म्हणजे दुखणं आहे, पण सांगितलं जायचं तेवढं मोठं नाही. दादरीहून न्हावा-शेव्यापर्यंतचा सुमारे १५०० किलोमीटरचा पश्चिम मालवाहतूक लोहमार्ग याच दुखण्यावरचं औषध आहे. त्यावर एकावर एक दोन कंटेनर ठेवलेल्या गाड्या धावतात.

तिसरी गोष्ट : जकात

फोक्सवॅगनने ५८ कोटी युरो घालून चाकणला कारखाना का काढला? ३१ मार्च २००९ ला त्याचं उद्घाटन झालं. इथून बांधलेली गाडी पाठवणं सोपं नव्हतं का? सोपं होतं, पण विकली गेली नसती. अनेक वर्षं भारतात पूर्ण बांधून आलेल्या गाडीवर ६० ते १०० टक्के जकात होती. सुटे भाग आणून तिथे जोडले तर ३०-३५ टक्के, आणि निव्वळ सुटे भाग म्हणून आणले तर ५ ते १५ टक्के. जकात ही कृत्रिम अंतरासारखी असते. ती वाढवली की वोल्फ्सबुर्ग चाकणपासून आणखी लांब जातं.

आता प्रश्न असा : एका गाडीचे जवळजवळ सगळे भाग वेगवेगळ्या पेट्यांतून, वेगवेगळ्या दिवशी आले, तर ते 'भाग' की 'सुटी केलेली गाडी'? हा वाद प्रत्यक्षात चालू आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये भारतीय सीमाशुल्क खात्याने कंपनीच्या भारतीय शाखेला १.४ अब्ज डॉलरची मागणी पाठवली. आपण नियम पाळले, असं म्हणत कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. पेटीतला माल तोच राहतो, पण कागदावर त्याला काय म्हणायचं यावर कोट्यवधी युरोंचा फरक पडतो.

जकातीमुळे कारखाना आला, पण तो टिकला स्थानिक पुरवठादारांमुळे. टायगुन आणि व्हर्टसमध्ये ९५ टक्क्यांपर्यंत भाग भारतात बनलेले असतात, असं कंपनी सांगते. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, रांजणगाव या पट्ट्यात पत्रा दाबणारे, रबर ओतणारे, साचे करणारे शेकडो छोटे कारखाने आहेत. ते जाळं एका दिवसात मेक्सिकोला हलवता येत नाही. शिवाय भारतात न खपलेली क्षमता निर्यातीला वापरता येते. म्हणून व्हर्टस चाकणहून मेक्सिकोला जाते आणि पुण्याच्या पोरांना पगार मिळतो.

गोल्फचं काय? मेक्सिकोत मजुरी कमी आहे, तिथे कंपनीचा कारखाना अनेक दशकांपासून आहे, आणि अमेरिका व युरोप दोघांशीही मेक्सिकोचे व्यापार करार आहेत. कागदावर हिशेब पक्का दिसतो. पण ३ एप्रिल २०२५ ला अमेरिकेने आयात गाड्यांवर २५ टक्के जादा शुल्क लावलं. मग युरोपशी बोलणी झाली आणि युरोपीय गाड्यांसाठी १५ टक्क्यांवर तडजोड झाली. तीस वर्षं चालेल म्हणून उभारलेल्या कारखान्याचं गणित एका सहीने बदलतं, ते असं.

साखळी तुटते तेव्हा

स्वस्त वाटेची एक अट असते : ती चालू राहिली पाहिजे. २३ मार्च २०२१ ला 'एव्हर गिव्हन' जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं आणि सहा दिवस वाहतूक बंद राहिली. त्याच वर्षी चीनहून युरोपला येणाऱ्या ४० फुटी कंटेनरचा भाव, जो २०१९ मध्ये दोन हजार डॉलरच्या आसपास होता, तो १४ हजारांवर गेला. चिपच्या टंचाईने आपल्या इथलं उत्पादन १९५८ नंतरच्या नीचांकावर आलं. मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधून येणारे वायरींचे जुडगे थांबले आणि इथल्या लाइनी बंद पडल्या.

ऑक्टोबर २०२५ मधला नेक्सपेरिया प्रकार तर मुलांनाही समजावून सांगण्यासारखा आहे. या कंपनीच्या चिपच्या चकत्या हांबुर्गला बनतात, आपल्यापासून दोन-अडीच तासांवर. त्यातल्या बहुतेक कापायला आणि बंदिस्त करायला चीनमधल्या डोंगग्वानला जातात आणि तिथून पुन्हा युरोपात येतात. नेदरलँड्स सरकारने कंपनीवर नियंत्रण आणलं, चीनने निर्यात रोखली, आणि शेजारच्या गावात जन्मलेल्या चिपसाठी वोल्फ्सबुर्गचा जीव टांगणीला लागला. एकेका चिपची किंमत काही सेंट असते, पण तिच्यावाचून गाडी पुढे सरकत नाही.

हीच कथा आपल्या द्राक्षांची. नाशिक-सांगलीची द्राक्षं बंदरातून शीतपेटीत बसून येतात आणि मार्च-एप्रिलमध्ये इथल्या दुकानात दिसतात. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या रसायनाच्या अंशावरून युरोपात मालाची अडवणूक झाली आणि शेतकऱ्यांचं मोठं नुकसान झालं. त्यानंतर तपासणी आणखी कडक झाली. अपेडाच्या ग्रेपनेट नोंदीमुळे आज पेटीवरून बाग शोधता येते. नोव्हेंबर २०२३ मध्ये तांबड्या समुद्रात हुती हल्ले सुरू झाले आणि बहुतेक मोठ्या कंपन्यांची जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागली. प्रवास साधारण दोन आठवड्यांनी वाढला. गाडीला दोन आठवडे उशीर झाला तर व्याज जातं. द्राक्षाला उशीर झाला तर देठ वाळतो, भाव पडतो, आणि तो तोटा शेवटी निफाडच्या माणसाच्या खात्यावर उतरतो.

मग आपण काय समजायचं?

व्यापाराने देशाचा एकूण फायदा होतो, हे खरं. पण फायदा सगळीकडे पसरतो आणि तोटा एका गावावर, एका गल्लीवर येऊन पडतो. म्हणून तोटा सोसणाऱ्यांना सांभाळण्याची सोय आहे की नाही, हे पाहावं. वोल्फ्सबुर्गमध्ये मजबूत संघटना आहे, म्हणून सक्तीची कपात टळली. छोट्या पुरवठादाराकडे किंवा कंत्राटी कामावर असलेल्यांना ते छत्र नाही. आपल्यातले अनेक जण तिथेच आहेत. त्यांनी आपला करार, नोटिशीची मुदत आणि निवास परवान्याच्या अटी आताच वाचून ठेवाव्यात. जर्मन भाषेचा वर्गही या वर्षी पुढे ढकलू नये.

आणि थोडा इतिहासही लक्षात ठेवू. १ जुलै १९७४ ला वोल्फ्सबुर्गमधली शेवटची बीटल बाहेर पडली. गावाचं आता काय होणार, ही चिंता तेव्हाही होती. त्याच वर्षी गोल्फ आली आणि तिने पन्नास वर्षं गाव पोसलं. बीटल पुढे पुएब्लात २००३ पर्यंत बनत राहिली. आताच्या करारातही पुढची विजेवरची गोल्फ वोल्फ्सबुर्गला देण्याचं ठरलं आहे. ती वेळेवर येते का आणि लोक ती घेतात का, यावर आपल्या इथल्या पुढच्या दहा वर्षांचं बरंच काही अवलंबून आहे.

जाता जाता मुलांसाठी एक काम. पार्किंगमध्ये गाड्यांच्या पुढच्या काचेखाली सतरा अक्षरांचा क्रमांक दिसतो. तो डब्ल्यूने सुरू झाला तर गाडीची नोंद जर्मनीतली, तीनच्या आकड्याने सुरू झाला तर मेक्सिकोतली. सुट्टीत पुण्याला गेलात की आजोबांच्या गल्लीतल्या गाड्या बघा, तिथे बहुतेक एमने सुरू होणारे क्रमांक सापडतील, म्हणजे भारतातले. मोजा, वहीत लिहा आणि आम्हाला कळवा. पुढच्या भागात तुमचे आकडे वाचून दाखवू.

तोपर्यंत नमस्कार, आणि काळजी घ्या.