प्रोटीन वाढलं नव्हतं, अधू झालं होतं

‘‘गोलकृमींचं आयुष्य प्रोटीनमुळे दुप्पट झालं म्हणे. मी रोज सकाळी दोन चमचे पावडर घेतो, बरोबरच ना?’’ हा प्रश्न मला जिममध्ये विचारला गेलाय, लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत. तिथे तोंड उघडं असल्यानं उत्तर देता आलं नाही. ते आता देतो.

गैरसमज : प्रोटीन जास्त, तर आयुष्य जास्त.

वस्तुस्थिती : गोंधळ शब्दाचा आहे. डाळीतलं, अंड्यातलं प्रोटीन हा आहाराचा घटक. प्रयोगातलं प्रोटीन म्हणजे पेशीत नेमून दिलेलं काम करणारा एक रेणू. असे हजारो वेगवेगळे रेणू कृमीच्या शरीरात असतात. त्यांतल्या एकाचं नाव डॅफ-२. सी. एलेगन्स हा जेमतेम एक मिलिमीटरचा गोलकृमी दोन-तीन आठवडे जगतो. १९९३ साली सिंथिया केन्यन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की डॅफ-२च्या जनुकात उत्परिवर्तन झालेले कृमी दुपटीहून जास्त जगतात.

आता नीट ऐका. त्या कृमींत डॅफ-२ वाढलं नव्हतं, अधू झालं होतं! अशा प्रयोगांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका वाणात तर या लांबलचक प्रोटीनमधलं एकच अमिनो आम्ल बदललेलं आहे. खाणंही वेगळं नव्हतं. प्रयोगशाळेत या कृमींना ताटलीत पसरलेले जिवाणू खायला घालतात, तेच.

मग आयुष्य वाढलं कशानं? १९९७ साली गॅरी रवकुन यांच्या गटानं डॅफ-२ची ओळख पटवली. आपल्या पेशींवर इन्सुलिनचा निरोप घेणारे जे ग्राही असतात, त्यांचंच हे भावंड. अन्न मुबलक असलं की डॅफ-२मार्फत आलेला निरोप डॅफ-१६ या दुसऱ्या प्रोटीनला पेशीकेंद्रकाबाहेर थोपवून धरतो. निरोप क्षीण झाला की डॅफ-१६ आत शिरतं आणि डागडुजी करणारी, ताण सोसायला बळ देणारी जनुकं चालू करतं. सुगी असेल तर पोरंबाळं वाढवा, टंचाई आली तर घर सावरून बसा, असा हा हिशेब. डॅफ-१६ निकामी केलं, की वाढीव आयुष्यही जातं.

यात पावडर कुठे आली? ती पचून तिची अमिनो आम्लं होतात. डॅफ-२शी तिची ओळखदेखील नाही.

‘‘मग इन्सुलिनच वाईट, बंद करू का?’’ अजिबात नको. माणसात इन्सुलिनचा ग्राही जन्मतःच पुरता बिघडला, तर डोनोह्यू सिंड्रोम होतो आणि बहुतेक बाळं पहिली एक-दोन वर्षंही काढत नाहीत. किंचित मंदावणं वेगळं, बंद पडणं वेगळं.

‘‘कृमी दुप्पट, तर माणूस दीडशे.’’ उंदरांपर्यंत येतानाच फायदा आटतो. २००३च्या एका प्रयोगात, इन्सुलिनसारख्याच आयजीएफ-१ या संप्रेरकाच्या ग्राहीच्या जनुकाची एकच प्रत असलेल्या माद्या ३३ टक्के जास्त जगल्या. नरांमधली वाढ खात्रीनं सांगण्याजोगी नव्हती.

‘‘दीर्घायुषी कृमींत प्रोटीनच्या गुठळ्या होत नाहीत.’’ २०१५ साली ‘सेल’मध्ये पाच हजारांहून जास्त प्रोटीनची मोजदाद प्रसिद्ध झाली. डॅफ-२ अधू असलेल्या कृमींत गुठळ्या उलट जास्तच निघाल्या. बिघडलेलं प्रोटीन एका कोपऱ्यात कोंडून ठेवण्याची ही सोय असावी, असं संशोधकांचं म्हणणं.

‘‘असं आयुष्य फुकटात मिळतं.’’ साध्या कृमींसोबत एकाच ताटलीत वाढवल्यावर हे दीर्घायुषी वाण मोजक्या पिढ्यांत मागे पडतं. ऐन उमेदीत त्याला पिल्लं कमी होतात.

‘‘म्हणजे पोटातले जंतच ना?’’ नव्हे. हा कुजलेल्या फळांवर, पालापाचोळ्यात राहणारा जीव. माणसाच्या आतड्यात तो राहत नाही.

प्रोटीन खाऊ नका, असं मी म्हणत नाही. स्नायूंना ते लागतंच आणि उतारवयात तर त्याकडे जास्तच लक्ष द्यावं लागतं. तुमचा डॉक्टर सांगत असेल तर पावडरही घ्या. फक्त त्या कृमीला साक्षीला बोलावू नका. त्यानं तुमचा डबा पाहिलेला नाही.