क्रॉलर ट्रॅक्टरचे वंगण

क्रॉलर ट्रॅक्टर हे चाकांऐवजी पोलादी साखळीपट्ट्यांवर चालणारे यंत्र आहे. त्याच्या फिरत्या व घासणाऱ्या भागांना तेल किंवा ग्रीस पुरवण्याच्या नियमित कामास वंगण देणे असे म्हणतात. या यंत्राचे बरेचसे भाग माती, चिखल व पाण्यात चालतात. त्यामुळे घर्षण कमी करण्याबरोबरच धूळ व पाणी बाहेर ठेवणे हेही वंगणाचे कार्य असते.

पार्श्वभूमी

बेंजामिन होल्ट यांनी १९०४ मध्ये कॅलिफोर्नियातील स्टॉकटन येथे पट्ट्यांवर चालणाऱ्या वाफेच्या ट्रॅक्टरची चाचणी घेतली. होल्ट व बेस्ट या कंपन्यांच्या विलीनीकरणातून १९२५ मध्ये कॅटरपिलर ट्रॅक्टर कंपनी स्थापन झाली. १९३० च्या दशकात डिझेल इंजिनांतील पिस्टनच्या कड्या जळक्या तेलाच्या थरामुळे अडकत असत. त्यावर उपाय म्हणून असे थर साचू न देणारी डिटर्जंट तेले विकसित झाली.

इंजिन व गिअरपेट्या

जुन्या ट्रॅक्टरमध्ये तेलाच्या अनेक स्वतंत्र टाक्या असतात. मुख्य डिझेल इंजिन, ते सुरू करणारे छोटे पेट्रोल इंजिन (असल्यास), गिअरपेटी आणि दोन्ही बाजूंचे फायनल ड्राइव्ह यांची पातळी वेगवेगळी तपासावी लागते. तेलयुक्त एअर क्लीनरमधील तेल धुळीच्या कामात वारंवार बदलतात.

तेल उष्ण असताना ते काढल्यास त्यात तरंगणारी घाण त्याबरोबर बाहेर पडते. पाणी तपासण्याची रीत मात्र उलट आहे. यंत्र रात्रभर उभे राहिल्यावर ड्रेन प्लग किंचित सैल केला, तर तळाशी साचलेले पाणी तेलाआधी गळते. दिशा बदलणारे क्लच अनेक जुन्या यंत्रांत कोरडे असतात. शेजारच्या कप्प्यातून तेल झिरपल्यास ते घसरू लागतात.

रोलर

जुन्या रोलरना ठरावीक तासांनी ग्रीस गनने वंगण द्यावे लागते. निपल आधी पुसला नाही, तर त्यावरील वाळू ग्रीसबरोबर थेट बुशमध्ये जाते. नंतरच्या काळात कारखान्यातच तेल भरून सीलबंद केलेले रोलर आले. जुन्या यंत्राला असे रोलर बसवलेले असू शकतात. त्यांत दाबाने ग्रीस भरल्यास सील निकामी होण्याचा धोका असतो. कोणते वंगण वापरावे हे निर्मात्याच्या पुस्तिकेवरून ठरवतात. भिन्न प्रकारच्या साबणांपासून बनवलेली ग्रीस एकत्र आल्यास ती पातळ होऊन वाहून जाऊ शकतात.

साखळी

जुन्या साखळीच्या पिना व बुश कोरडेच चालतात. त्यांना बाहेरून तेल लावणे हितकारक वाटले तरी ते हानिकारक ठरते, कारण तेलाला चिकटलेली वाळू घासकामाच्या लेपासारखी धातू झिजवते.

सुरक्षितता

काही यंत्रांत साखळीचा ताण ग्रीसच्या दाबाने राखला जातो. तेथील झडप पूर्ण काढल्यास ग्रीस प्रचंड दाबाने उसळते, म्हणून ती पुस्तिकेत सांगितली तेवढीच आणि बाजूला उभे राहून सैल करतात. दाबाखालील ग्रीस कातडीत शिरल्यास जखम सुईच्या टोकाएवढी दिसली, तरी आतील ऊतींचा नाश होऊ शकतो. अशा वेळी तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जाणे आवश्यक असते. वंगण देताना इंजिन बंद असावे आणि नांगर किंवा समोरचे पाते जमिनीवर टेकवलेले असावे.