बोट ज्याची त्याची, हिशेब मात्र एकत्र



१ जूनला बंदी लागते, ट्रॉलर धक्क्याला लागतात आणि ३१ जुलैपर्यंत जाळी दुरुस्ती, इंजिनचं काम, रंगरंगोटी सुरू होते. त्याच दिवसांत आणखी एक काम डोक्यावर असतं, ते म्हणजे हंगामाचा हिशेब. डिझेलची बिलं एका पिशवीत, बर्फाच्या चिठ्ठ्या दुसऱ्या पिशवीत, खलाशांची उचल तांडेलाच्या वहीत आणि मासळीची विक्री घरी बायकोच्या नाहीतर आईच्या डायरीत. सगळं गोळा करून अकाउंटंटकडे न्यावं, तर तो विचारतो, "नोव्हेंबरचं कुठंय?"

हे दुखणं फक्त आपलं नाही. मोठमोठ्या कंपन्यांनाही ते होतं. त्यावर त्यांनी जो उपाय काढला त्याला 'शेअर्ड सर्व्हिसेस' म्हणतात.

म्हणजे नेमकं काय?

एका कंपनीचे दहा कारखाने असले की पूर्वी दहा ठिकाणी दहा हिशेब विभाग असायचे. प्रत्येकाची वही वेगळी, पद्धत वेगळी. मग कंपन्यांनी बिलं, पगार, वसुली, खातेवही हे सगळं एका केंद्रात आणलं. कारखान्याने माल काढायचा, केंद्राने हिशेब ठेवायचा. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या वित्त कंपनीने १९९७ साली गुरगावला असं केंद्र काढलं. तेच २००५ मध्ये जेनपॅक्ट नावाने वेगळी कंपनी झालं. आज पुणे, हैदराबाद, बेंगळुरूला अशी कितीतरी केंद्रं आहेत. आपल्यातल्या काहींची बी.कॉम. झालेली मुलंही तिथे कामाला असतील.

फोर्डने शिकलेला धडा

पण नुसतं एकत्र बसवून भागत नाही. १९८० च्या दशकात फोर्ड मोटार कंपनीच्या उत्तर अमेरिकेतल्या बिलं चुकती करणाऱ्या विभागात ५०० हून जास्त माणसं होती. जपानच्या माझदा कंपनीत तेच काम ५ माणसं करत होती. माझदा लहान कंपनी हे खरं, पण तो फरक धरूनही फोर्डची माणसं पाचपट जास्त निघाली.

कारण काय? ऑर्डरचा कागद एकीकडून, माल पोचल्याचा दुसरीकडून आणि बिल तिसरीकडून यायचं. तिन्ही जुळले तरच पैसे द्यायचे. न जुळणाऱ्या थोड्या कागदांमागेच माणसांचा बहुतेक वेळ जायचा. मग फोर्डने पद्धतच बदलली. ऑर्डर कॉम्प्युटरवर चढवायची, माल उतरताना गोदामातच ती पाहायची. जुळली तर माल घ्यायचा आणि पैसे द्यायचे, नाही जुळली तर माल परत. पुरवठादाराच्या बिलाची वाटच बघायची नाही. जिथे ही पद्धत आली तिथे माणसं तीन चतुर्थांशाने कमी लागली.

धडा सोपा आहे. चूक जिथे होते तिथेच, त्याच वेळी पकडा. पिशवीभर कागद वर्षाच्या शेवटी एकत्र केले म्हणून हिशेब सुधारत नाही.

आपल्याला याचा काय फायदा?

सहकारात ही वाट सुरू झालेली आहे. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने गावोगावच्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांना एकाच सॉफ्टवेअरवर आणि एकाच हिशेब पद्धतीवर आणायला २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. मच्छीमार सोसायटीलाही आपल्या बोटींसाठी असं करता येईल. एक प्रशिक्षित माणूस, एक कॉम्प्युटर, आणि सगळ्या बोटींना एकाच नमुन्याची चिठ्ठी.

पहिला फायदा भावाचा. समजा एक ट्रॉलर फेरीला ८०० लिटर डिझेल घेतो, महिन्याला ३ फेऱ्या, हंगाम १० महिन्यांचा. म्हणजे २४,००० लिटर. लिटरमागे १ रुपया वाचला तर एका बोटीचे २४,००० आणि ४० बोटींचे ९ लाख ६० हजार रुपये. पण बर्फवाल्यापुढे किंवा डिझेलवाल्यापुढे बसताना आपण सगळे मिळून किती घेतो ते कागदावर दाखवता आलं पाहिजे.

दुसरा फायदा गळती दिसण्याचा. सारखी फेरी करून एक बोट सतत जास्त डिझेल खात असेल, तर इंजिन तपासायचं की चिठ्ठी, ते लगेच कळतं.

तिसरा फायदा सगळ्यात मोठा, तो म्हणजे कर्ज. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही लागू झालं. पण नवीन इंजिनसाठी मोठी रक्कम मागितली की बँक आमदनी आणि खर्च विचारते. वही नसली की आपण व्यापाऱ्याकडून पैसे उचलतो, आणि मग मासळी त्यालाच, तो म्हणेल त्या भावाने द्यावी लागते. हंगामभर राबून भाव ठरवायचा हक्क आपल्या हातून जातो. तीन वर्षांचा नीट हिशेब असला तर बँकेच्या दारात आपण ताठ मानेने उभे राहू शकतो.

पण या चार गोष्टी आधी ठरवा

१. एकाचा हिशेब दुसऱ्याला दिसता कामा नये. मासळी कुठे विकली, कितीला विकली, ही मालकाची गोष्ट आहे.

२. बिल मंजूर करणारा आणि पैसे देणारा माणूस एकच नको.

३. मुदत लिहून घ्या. चिठ्ठी दिल्यावर किती दिवसांत नोंद होणार, महिन्याचा उतारा कोणत्या तारखेला मिळणार. नाही मिळाला तर कुणाला विचारायचं तेही ठरलेलं असू द्या.

४. खलाशांची उचल आणि वाटा त्यांना समजेल असा लिहा आणि दाखवा. बरेच जण परराज्यातले असतात. हिशेबावरून भांडण झालं की ऐन हंगामात बोट धक्क्यावर उभी राहते.

लगेच सगळ्यांनी यायला हवं असं नाही. पाच-सहा बोटींनी एक हंगाम करून बघावा, फक्त डिझेल आणि बर्फापासून. जमलं तर पुढे विक्री आणि पगार.

आणि घरी डायरी लिहिणाऱ्या आयाबहिणींना या कामात आधी बोलवा. बोटीचा खरा खर्च आजवर त्यांनीच सांभाळलाय.

येत्या बंदीत बसून बोलूया. तोवर आपापल्या पिशव्या तेवढ्या सांभाळून ठेवा!