सोळा अँपिअरचा छापील भरवसा

नव्या इलेक्ट्रिक गाडीचं कौतुक चार दिवसांत ओसरतं आणि मग एका अगदी साध्या अडचणीशी गाठ पडते. वायर पुरत नाही. गाडीसोबत मिळालेली चार्जिंग केबल साधारण पाच मीटरची असते, आणि सोसायटीतला पॉवर पॉइंट नेमका पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला, वॉचमनच्या केबिनजवळ. मग मोबाइलवर शोधाशोध होते. ‘ईव्ही एक्स्टेन्शन, १६ अँपिअर, हेवी ड्यूटी, प्युअर कॉपर’ अशी बिरुदावली मिरवणारी वीस मीटरची वायर सापडते. किंमत मोहात पाडणारी, खाली साडेचार तारे. ऑर्डर जाते.

सुरुवातीला तक्रारीला जागा नसते. रात्री लावलेली गाडी सकाळी भरलेली असते. मग कधीतरी प्लग काढताना तो जरा अडतो. हाताला गरम लागतो. आणखी काही दिवसांनी तीन भोकांपैकी एकाच भोकाभोवती तपकिरी डाग दिसतो, प्लास्टिक किंचित फुगलेलं असतं आणि पितळेची पिन एका बाजूने निळसर-काळी पडलेली असते. जळक्या प्लास्टिकचा वास एव्हाना वॉचमनला आलेला असतो, पण तो वास गाडीचाच असेल असं त्याला वाटलेलं असतं. थोड्याफार फरकाने हा अनुभव अनेक गाडीमालकांना येतो, आणि त्यातले बरेचजण दोष देतात तो गाडीला किंवा विजेच्या दाबाला.

खरा घोटाळा वेळेचा आहे. आपल्या घरांतल्या पॉवर पॉइंटला सवय आहे ती गिझरची, इस्त्रीची. दोन किलोवॅटचा गिझर नऊएक अँपिअर घेतो, पण वीस मिनिटांत पाणी तापलं की तो आपला आपण बंद होतो. इस्त्रीचा दिवा सारखा लागतो-विझतो. एसीसुद्धा रात्रभर पूर्ण ताकदीने चालत नाही. इलेक्ट्रिक गाडी मात्र सव्वातीन-साडेतीन किलोवॅटची भूक घेऊन येते आणि पंधराएक अँपिअर सलग ओढत राहते. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ किलोवॅट-तासांची होती. ती साध्या सॉकेटवर भरायला आठ-नऊ तास लागायचे. पुढे आलेल्या ४५ किलोवॅट-तासांच्या बॅटरीला पंधरा तासांच्या आसपास लागतात. घरातलं दुसरं कोणतंही यंत्र एका प्लगकडून इतका वेळ इतकं काम करून घेत नाही. वायरवर छापलेले सोळा अँपिअर एखाद्या वेळी खरेही असतात, फक्त ते किती वेळ, हे छापलेलं नसतं.

युरोपात हा धोका गाड्या बनवणाऱ्यांनी आधीच हिशेबात धरला. तिथल्या घरगुती सॉकेटवर चालणाऱ्या केबल बहुतेक वेळा दहा अँपिअर किंवा त्याहून कमीच प्रवाह घेतात. ब्रिटनमधला प्लग तेरा अँपिअरचा असूनही गाडीची केबल दहावर थांबते. आपल्याकडे मात्र पंधरा अँपिअरच्या पॉइंटकडून जवळजवळ पूर्ण पंधरा अँपिअर घेतले जातात. म्हणजे चूकभूल द्यायला-घ्यायला जागाच उरत नाही, आणि त्यात मध्ये स्वस्त एक्स्टेन्शन आलं की दोन जोडांचे चार जोड होतात.

जोड हाच कळीचा मुद्दा. शाळेत शिकलेलं सूत्र इथे कामाला येतं: उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. पिन आणि सॉकेटच्या आतली पितळी पट्टी घट्ट बसली नाही, तर तिथला रोध एक दशांश ओहमवर जाऊ शकतो. ऐकायला नगण्य. पण पंधराचा वर्ग दोनशे पंचवीस, म्हणजे त्या एवढ्याशा जागेत साडेबावीस वॅट उष्णता. बाजारात मिळणारं साधं सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटचं असतं. ते रात्रभर प्लगच्या पोटात ठेवल्यासारखंच हे झालं. साध्या पीव्हीसी वायरचं वेष्टन ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या कामासाठी असतं. ते तापून कडक होतं, मऊ पितळेची पकड आणखी ढिली पडते, रोध वाढतो, आणि उष्णताही.

‘पण एमसीबी आहे ना?’ असं हमखास विचारलं जातं. एमसीबी पाहतो तो प्रवाह. ढिल्या जोडातून जाणारा प्रवाह पंधराच अँपिअर असतो, त्यामुळे एमसीबीच्या लेखी सगळं आलबेल असतं. सोळा अँपिअरचा एमसीबी अठरापर्यंत तर खुशाल तासन्‌तास वाहू देतो. प्लग वितळला तरी तो ढिम्म हलत नाही, आणि त्यात त्याचा काही दोषही नाही. काही कंपन्या आपल्या केबलच्या प्लगमध्येच तापमान मोजणारा सेन्सर बसवतात. पण मध्ये एक्स्टेन्शन आलं की तो सेन्सर फार तर एक्स्टेन्शनच्या टोकाचं तापमान पाहतो, भिंतीतल्या सॉकेटचं नाही.

आता वायरकडे. वीस मीटरच्या वायरीत प्रवाह जाऊन-येऊन चाळीस मीटर तांब्यातून धावतो. ती दीड एमएमची असेल तर पंधरा अँपिअरला तिच्यात शंभर वॅटहून थोडी जास्त उष्णता तयार होते, चार एमएमची असेल तर चाळीसच्या आत. मोकळी पसरलेली असेल तर शंभर वॅटही हवेत विरून जातात. पण नीटनेटक्या माणसाला वीस मीटरपैकी आठच लागतात आणि उरलेली बारा मीटर तो छान गुंडाळून कोपऱ्यात ठेवतो. रिळावर गुंडाळलेल्या वायरीतली उष्णता आतल्या आत कोंडते. शिस्त इथे नडते.

शिवाय ‘प्युअर कॉपर’ या शब्दांवर फार विसंबू नये. ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर सर्रास विकली जाते. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, त्यामुळे तेवढ्याच जाडीत तापणंही तेवढंच जास्त. लोहचुंबक लावून हे कळत नाही, कारण दोन्ही धातू चुंबकाला दाद देत नाहीत. ब्लेडने एक तार खरवडली की आतला पांढरा धातू दिसतो. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूवर ब्लेड चालवणं अवघड, पण वजन करता येतं. चार एमएमच्या तीन तारांची वीस मीटर केबल खरोखर तांब्याची असेल तर वेष्टन सोडून निव्वळ तांबंच दोन किलोच्या वर भरतं. अख्खी वायर, प्लग आणि बोर्डासकट दीड किलो भरत असेल तर पुढचा हिशेब करायची गरज नाही.

जाणकार वायरमन या सगळ्यावर एकच उपाय सांगतात: एक्स्टेन्शनचा नाद सोडा, पॉइंटच गाडीजवळ न्या. स्वतंत्र चार एमएमची वायर, स्वतःचा एमसीबी, विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि शक्य तर निळ्या रंगाचं इंडस्ट्रियल सॉकेट. त्याला खर्च येतो, सोसायटीच्या कमिटीकडे अर्ज करावा लागतो, आणि कमिटीची बैठक कधी होईल हे कमिटीलाही ठाऊक नसतं. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी घरच्या चालू वीजजोडणीवरून गाडी चार्ज करायला स्पष्ट मुभा दिली आहे, तरीही मीटरपासून पार्किंगपर्यंत वायर नेण्याचा प्रश्न शेवटी जिन्यातच सोडवावा लागतो. स्वस्त एक्स्टेन्शनचा धंदा चालतो तो या दिरंगाईवर.

वायर तापते तरी डोळ्यांना दिसतं. अर्थिंगचं तसं नाही. गाडीची केबल चार्जिंग सुरू करण्याआधी अर्थिंग तपासते, आणि ते नसेल तर लाल दिवा लावून अडून बसते. गावच्या घरी, जुन्या वाड्यात, लॉजवर हा अनुभव ठरलेला. यावरही बाजारात आणि ओळखीच्या वायरमनकडे ‘तोडगा’ मिळतो: एक छोटा प्लग, ज्याच्या आत न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून टाकलेले असतात. केबल फसते, हिरवा दिवा लागतो, काम झालं असं वाटतं. आता कल्पना करावी की त्या जुन्या सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले आहेत, जे आपल्याकडे नवलाचं नाही. तर तो प्लग गाडीच्या पत्र्याला थेट २३० व्होल्टशी जोडून देतो. पावसात ओल्या पायांनी दाराला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतेल अशी ही वस्तू आहे. ती निकृष्ट म्हणावी तर तेही बरोबर नाही, कारण ती जे करायला बनवली आहे ते चोख करते.

खोटं माणसालाच सांगितलं जातं असं नाही, यंत्रालाही सांगता येतं. भिंतीवरच्या मोठ्या चार्जरला लावायच्या टाइप-टू केबलच्या दोन्ही टोकांना एक छोटा रेझिस्टर असतो. ६८० ओहमचा असेल तर ‘ही केबल वीस अँपिअर झेपवते’ आणि २२० ओहमचा असेल तर ‘बत्तीस अँपिअर झेपवते’ असा त्याचा अर्थ चार्जर आणि गाडी दोघंही लावतात. गाडीला वायरची जाडी दिसत नाही, तिला फक्त हा आकडा कळतो. बारीक वायरीच्या टोकाला दोनशेवीसचा रेझिस्टर बसवला की गाडी बिनदिक्कत बत्तीस अँपिअर मागते. रेझिस्टरची किंमत एका रुपयाच्या आसपास. वाचवलेल्या तांब्याची मात्र त्याच्या कितीतरी पट.

इतर ॲक्सेसरीज इतक्या धोक्याच्या नसतात, पण निराशा करण्यात कमीही नसतात. डॅशकॅमचंच घ्या. ‘एवढी मोठी बॅटरी असताना एक कॅमेरा काय खाणार?’ हा तर्क ऐकायला बिनतोड वाटतो. पण कॅमेरा मोठ्या बॅटरीवर चालतच नाही. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत बॉनेटखाली पेट्रोल गाडीसारखीच बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते. कुलूप, दिवे, स्क्रीन आणि मुख्य म्हणजे मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे कॉन्टॅक्टर तिच्यावर चालतात. पार्किंगमध्येही रेकॉर्डिंग करणाऱ्या कॅमेऱ्याने, किंवा कायमच्या खोचून ठेवलेल्या ब्लूटूथ डोंगलने ती छोटी बॅटरी आठवडाभरात उतरवली, की मोठी बॅटरी शंभर टक्के भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. दरवाजे उघडायला चावीचं पातं शोधावं लागतं. मग ज्या दुकानात कॅमेरा बसवला तिथला पोरगा येऊन जंप-स्टार्टर लावतो. बॅटरी उतरू लागताच कमी व्होल्टेजला आपोआप बंद होणारी हार्डवायर किट त्याने त्याच दिवशी बसवली असती तर एवढं झालं नसतं.

पायाखालच्या मॅटसारखी निरुपद्रवी वस्तूही कधी भारी पडते. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ टोयोटाच्या एका लेक्सस गाडीचा ॲक्सिलरेटर दबलेलाच राहिला आणि अपघातात चौघांचा जीव गेला. डीलरकडून तात्पुरत्या मिळालेल्या त्या गाडीत दुसऱ्याच मॉडेलची मॅट टाकलेली होती. त्यानंतर टोयोटाला अमेरिकेत सुमारे ३८ लाख गाड्यांसाठी मॅटबाबत मोहीम काढावी लागली. आपल्याकडे ‘सेव्हन-डी’ मॅट पेडलपर्यंत रुबाबात चढवताना हे कोणी सांगत नाही. सीट कव्हरचंही तेच. सीटच्या कडेत एअरबॅग असेल तर तिथली शिवण सैल सुटणारी असावी लागते, आणि रस्त्याकडेच्या दुकानात रंग विचारतात, एअरबॅग नाही.

मग कंपनीचीच वस्तू घ्यावी का? बहुतांशी हो, पण डोळे मिटून नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेत फोर्डने आपल्याच ग्राहकांना दिलेले जलद चार्जिंगचे ॲडॅप्टर वापरू नका, बदलून घ्या, असं कळवलं होतं. फरक इतकाच की फोर्डकडे कोणाला काय दिलं त्याची यादी होती आणि बदली पाठवण्याची जबाबदारीही. चार महिन्यांनी नाव बदलून पुन्हा अवतरणाऱ्या विक्रेत्याकडे यातलं काहीच नसतं.

गाडीच्या वॉरंटीतही याची मेख असते. बॅटरीवर सहसा आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी मिळते खरी, पण बाहेरच्या ॲक्सेसरीमुळे झालेलं नुकसान तीत बसत नाही. बाहेर काम करून घेताना निदान दोन गोष्टी पाहाव्यात: मूळ वायर कापली जात नाही ना, आणि कारागीर केशरी रंगाच्या वायरींच्या जवळपास जात नाही ना. केशरी म्हणजे उच्च दाबाची वायर, ही जगभरची खूण आहे.

फसलेल्या खरेदीबद्दल दाद मागता येते, आणि वाटतं तितकं ते किचकट नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आणि त्याखालचे २०२० चे ई-कॉमर्स नियम यांनुसार सदोष वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. ऑनलाइन बाजारपेठेच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिनाभरात निवारण करायचं असतं. तिथे टाळाटाळ झाली तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे जिल्हा आयोग आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या दाव्याला तिथे शुल्क लागत नाही. जळका प्लग मात्र फेकू नये, कारण पुरावा तोच. खोकं आणि त्यावरचं ‘१६ अँपिअर’ही जपून ठेवावं.

या सगळ्याला एक गोष्ट लागते, ती म्हणजे बिल. आणि ती नेमकी नसते. विजेच्या सामानाच्या गल्लीत वायर घेताना दुकानदार कॅल्क्युलेटरवरून मान वर न करता विचारतो, “बिल पाहिजे का, साहेब? मग अठरा टक्के जीएसटी लागेल.”

बहुतेक जण नको म्हणतात.